चौथं बटण

चार वर्षं म्हणजे माणसाचं काही वय नव्हे. फोनमधल्या खेळाला मात्र तेवढ्यात म्हातारपण येतं. मित्रांनो, मी असाच एक जुना खेळ आहे, चोर शोधायचा. माझं नाव ‘काळी मेंढी’. आता तुमच्यापैकी कुणाच्या फोनात मी असेन असं वाटत नाही, आणि खरं सांगू, मला त्याचं दुःख नाही. माझं दुःख निराळंच आहे.

माझा जन्म जुळे सोलापुरातल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. मला घडवणारी पूनम ही सांगोला तालुक्यातल्या मेंढपाळाची लेक. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकायची, गावाकडून आलेल्या कडक भाकऱ्या शेंगाचटणीशी खायची आणि उरलेला सगळा वेळ मला द्यायची. माझ्यातलं एकेक झुडूप तिनं हातानं काढलं. गोष्ट अशी, की माळावर मेंढ्यांचा तळ पडला आहे आणि सकाळी बघतात तर एक काळी मेंढी गायब. खेळणाऱ्यानं माळ धुंडाळायचा, खुणा गोळा करायच्या, तीन मेंढपाळांना खोदून खोदून विचारायचं. शेवटी तीन बटणं येतात, त्या तिघांच्या चेहऱ्यांची. त्यातला एक निवडायचा आणि ‘हाच चोर’ म्हणायचं.

ही गोष्ट पूनमनं हवेतून काढली नव्हती. ती सातवीत असताना गावातल्या कोंडीबांची काळी मेंढी खरंच गेली होती. त्या सकाळी वडिलांची न्याहारी घेऊन पूनम तळावर गेली आणि ती जागा तिनं पाहिली. थोड्याच वेळात मेंढ्या सुटल्या, तिथली माती तुडवली गेली. तिच्या डोळ्यांत मात्र ते चित्र राहिलं. तेच तिनं जसंच्या तसं माझ्यात उतरवलं.

आता शेवटचा धागा हवा होता. तिनं ठरवलं, मेंढी गेली तिथं एक परकं कोकरू सापडतं. त्याच्या कानाची खाच ज्याच्या कळपाची, तो चोर. कळप एकमेकांत मिसळले तर ओळखू यावेत म्हणून मेंढपाळाचं प्रत्येक घर आपल्या मेंढ्यांच्या कानाला वेगळी खाच पाडतं. पूनम आठवीपासून वसतिगृहात वाढलेली. तिला कुणाची खाच कशी, ते कुठून ठाऊक असणार? तिनं वडिलांना, धुळाप्पांना, फोन लावला.

“आप्पा, कानाची एखादी खूण सांगा की. खेळात घालायची हाय.”

“डाव्या कानाला दोन खाचा घाल,” धुळाप्पा म्हणाले.

खूण कशासाठी हवी, ते त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. लेक काहीतरी चांगलं करतेय, तर त्यात चांगल्या माणसाची खूण असावी, एवढंच त्यांच्या मनात आलं. ती खूण जोतिरामकाकांची होती. गावातल्याच या काकांनी आणि धुळाप्पांनी वीस वर्षं मेंढ्या एकत्र फिरवल्या होत्या. सोबत्याची खूण आपल्या खुणेइतकीच जिभेवर असते.

पुढं माझे दिवस आले, मित्रांनो. सोलापुरात एका कार्यक्रमात पूनमचा चादर देऊन सत्कार झाला. पेपरात फोटो आला. लोक एसटीत, दुकानात, लग्नाच्या पंगतीला थांबल्या थांबल्या मला खेळू लागले. मी असा काही फुगलो होतो, की विचारू नका.

मग मी गावात पोचलो. कोंडीबांच्या पुतण्यानं, युवराजनं, मला चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचत खेळून दाखवलं. कोकराचा कान पडद्यावर आला तशी कोंडीबांनी बशी खाली ठेवली.

“ह्या खाचा तर जोतिरामच्या की.”

“खेळ हाय त्यो, तात्या,” युवराज म्हणाला.

“खेळ धुळाप्पाच्या पोरीनं केलाय. धुळाप्पा आन् जोतिराम वीस वर्सं एका ताटात जेवल्यालं. बापाला ठावं असल्याबिगर पोरीला कसं कळंल?”

झालं. मी तिथंच त्या फोनात होतो, पण मला तोंड कुठं होतं? पूनमनं लिहिलं तेवढंच मी बोलणार.

तिकडं सुगी संपली, की शेतकरी मेंढपाळांना बोलावतात. मेंढ्या रात्रभर रानात बसतात, रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य आणि मेंढ्यांना चारा. त्या वर्षी जोतिरामकाकांना एकाही शेतकऱ्यानं बोलावलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसते “यंदा नगं” म्हणाले. धुळाप्पा घरोघर फिरले, खूण मीच सांगितली, मायेनं सांगितली, म्हणून जीव तोडून सांगत राहिले. लोक म्हणाले, “सोबती हाय तुमचा. तुमी झाकणारच.”

दिवाळीत पूनम गावी आली आणि तिला हे कळलं. दुसऱ्या दिवशी जोतिरामकाका स्वतःच आले. ओट्यावर बसले, हात पुढं केला.

“पोरी, मला वाचता येत न्हाय. पर खेळव मला तुजा खेळ.”

ती वाचत गेली आणि ते बोट फिरवत गेले. त्यांच्याइतकं निरखून मला आजवर कुणीच खेळलं नव्हतं. इतरांनी घाईनं ओलांडलेल्या त्या सकाळच्या चित्रावर ते थांबले. मातीत ओढत नेल्याचा लांब पट्टा, आणि बाभळीच्या काट्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर अडकलेली काळी लोकर.

“हे कुटं बगितलंस?”

“कोंडीबातात्यांची मेंढी गेली, त्या दिवशी. तुमी येईस्तवर माती तुडवली गेली हुती.”

“चोर मेंढी खांद्यावर टाकतो, न्हायतर चालवत न्हेतो. काट्याकुट्यातनं फरफटत न्हाय नेत. हे लांडग्याचं काम हाय, पोरी. कोकरू काय, कुणाचंबी चुकतंय.”

मग माझा शेवट आला. तीन बटणं. काकांनी तिन्ही चेहरे नीट पाहिले.

“ह्यात लांडग्याचं बटण न्हाय व्हय?”

पूनमला रडू आवरेना. आणि मी? खरा गुन्हेगार माझ्या पोटात पहिल्यापासून होता. पण माझी तिन्ही बटणं माणसांची होती.

पूनमनं आठ दिवसांत मला नवं केलं. खाचा बदलल्या, चौथं बटण घातलं. फोन घेऊन ती कोंडीबांकडे गेली. त्यांनी पाहिलं आणि फोन परत दिला.

“खेळ तुमचाच. चोर बी तुमीच बदलणार.”

बाकी कुणी पाहिलंसुद्धा नाही. सुटलेलं कोडं कोण पुन्हा सोडवतं? युवराजनं तर मला कधीच काढून टाकलं होतं, लग्नाच्या व्हिडिओला जागा हवी म्हणून. मी गेलो, मी सांगितलेला चोर मात्र गावाच्या डोक्यातून गेला नाही.

रानात बसायला जागा नाही म्हटल्यावर मेंढ्या वाळल्या. काकांनी सगळा कळप बाजारात विकला. घेणाऱ्यानं प्रत्येक डाव्या कानाला आपली तिसरी खाच पाडली. काका आता सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्याच्या फाटकावर बसतात.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. खुशाल काढून टाका. पण उद्या कुणी तुमच्यापुढं तीन चेहरे ठेवून यातला चोर निवडा म्हणालं, तर बोट टेकवण्याआधी विचारा, की चौथं बटण कुठं आहे. मला हे कुणी वेळेवर विचारलं नाही, आणि त्याची किंमत मी भरली नाही, एका भल्या माणसानं भरली.

माझं चौथं बटण आजवर एकाच माणसानं दाबलं आहे. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, की जोतिरामकाका फाटकाशी बसून, पूनमनं त्यांच्या फोनात घालून दिलेल्या मला उघडतात. ‘बरोबर उत्तर’ ही अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. उत्तर बरोबर आलं, की मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजते, ती ते ऐकतात. उद्याही ते बटण दाबतील, मी घंटा वाजवीन, आणि गावात ती कुणालाच ऐकू जाणार नाही.