घरजावयाची जागा

जर्मनीहून आलेले पाकीट लिओना ब्रॉकहोफने पाव कापायच्या सुरीने उघडले, आणि पत्र वाचून झाल्यावर सुरी आणि पाकीट दोन्ही दोन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर तशीच पडून राहिली. एरवी बशीसुद्धा जागची हलू न देणाऱ्या बाईच्या घरात ही गोष्ट लहान नव्हती.

त्या पत्राची ती बावीस वर्षे वाट पाहत होती. अमेरिकेत, मिसूरी नदीच्या दक्षिणेला, अक्रोडाच्या ओढ्याकाठी, ब्रॉकहोफांची शेती १८४७ पासून होती, आणि शेतामागच्या टेकाडावर, लोखंडी कुंपणाच्या आत, त्यांची एकेचाळीस थडगी होती. शाळेतली नोकरी संपली तेव्हा लिओनाने या एकेचाळीस माणसांची वंशावळ लिहायला घेतली. कोण कुठल्या जहाजाने आले, कोणाची आई कोणत्या गावची, कोणते मूल कोणत्या साथीत गेले, सगळे एकेक करून लागत गेले. लागत नव्हता तो फक्त पहिला माणूस. त्याच्या शिळेवर लिहिले होते, योहान हाइनरिश ब्रॉकहोफ, जन्म १८१२, वेस्टफालिया. जर्मनीतल्या वेस्टफालिया प्रांतातल्या कुठल्याच चर्चच्या वहीत १८१२ साली असा मुलगा जन्मलेला नव्हता. शेजारच्या शिळेवर आना मार्गारेटा, त्याची पत्नी, एवढेच होते. तिच्या चौकटीत लिओनाने पेन्सिलीने ‘माहेर अज्ञात’ असे लिहून ठेवले होते.

पत्र तिकडच्या एका चर्चच्या जुन्या वह्या सांभाळणाऱ्या उफेलमनबाईंचे होते. त्यांनी लिहिले होते: ‘तुम्ही इतकी वर्षे बाप्तिस्म्याच्या वहीत ब्रॉकहोफ शोधत होतात. मी लग्नाची वही उघडली. १८३८ सालची नोंद अशी आहे. योहान हाइनरिश श्टालमन, विणकराचा दुसरा मुलगा, याचे ब्रॉकहोफ शेतवाडीची वारस आना मार्गारेटा ब्रॉकहोफ हिच्याशी लग्न झाले. तो वाडीवर राहायला आला असून यापुढे त्यास ब्रॉकहोफ म्हणतील. आमच्याकडे पूर्वी अशीच रीत होती. माणूस ज्या वाडीवर नांदायला जाई, त्या वाडीचे नाव त्याला लागे. तुमच्याकडे ही रीत विसरली गेली असावी.’

विसरली गेली होती खरी. माहेर अज्ञात असलेली ती बाईच नावाची धनीण निघाली होती, आणि ज्याचे तैलचित्र बैठकीच्या खोलीत टांगलेले होते तो भरघोस दाढीचा मूळपुरुष घरजावई होता.

घरजावई हा शब्द लिओनाने आयुष्यभर एकाच माणसासाठी वापरला होता. अल्विन टोबेन, तिच्या धाकट्या बहिणीचा, अडेलाचा नवरा. घरात मुलगा नव्हता म्हणून १९४२ साली तो लग्न करून या शेतावर राहायला आला. चौपन्न वर्षे त्याने गाईंची दुधे काढली, कुंपणे घातली, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला उचलून खिडकीशी बसवले, आणि या सगळ्याबद्दल मेहुणीकडून ते बिरुद ऐकून घेतले. तो तिला मास्तरीणबाई म्हणे. अडेलाला मूलबाळ झाले नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेल्यावर त्या मोठ्या घरात ही दोघेच उरली होती, एक वरच्या मजल्यावर आणि एक खाली, आणि सकाळची कॉफी एकत्र.

अडेला आईबापांच्या रांगेत टेकाडावर होती. अल्विनला मात्र तिथे जाता येणार नव्हते. मूळपुरुषाच्या मुलाने १८८९ साली दस्त करून ठेवला होता की या अर्ध्या एकरात ब्रॉकहोफ नावाची माणसे आणि त्यांच्या बायका यांनाच पुरावे. लग्न होऊन गेलेल्या मुलींना यायचे असेल तर यावे, त्यांच्या नवऱ्यांना जागा नाही. अडेला गेली त्याच्या आदल्याच वर्षी चुलतभाऊ नॉर्बर्टने आपल्या सेंट लुइसच्या जावयासाठी, ग्रेगरीसाठी, जागा मागितली होती, आणि लिओनाने हाच दस्त वाचून दाखवून ती नाकारली होती. लोकांच्या जावयाला एक नियम आणि आपल्या घरातल्याला दुसरा, हे तिच्याने होण्यासारखे नव्हते. तेव्हा अडेलाच्या वेळी तिने कुटुंबाच्या सभेत तो पुन्हा वाचला. अल्विन टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. “बरोबर आहे,” एवढेच तो म्हणाला. टोबेनांचे चर्च बारा मैलांवर होते; तिथे भावांच्या रांगेत त्याची जागा होती.

त्या सभेनंतर लिओनाला अनेकदा वाटले होते की त्याने एकदा तरी भांडायला हवे होते. गेल्या फेब्रुवारीत तो गोठ्यात छातीला हात लावून खाली बसला आणि नऊ दिवस इस्पितळात राहून आला. तेव्हापासून तो जिना मधल्या पायरीवर थांबून चढत असे. खालून ती ऐकत असे, पावले पुन्हा सुरू होईपर्यंत.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे ब्रॉकहोफ थडग्यांवर फुले वाहायला जमत. शनिवारी ही दोघे साफसफाईला टेकाडावर गेली. अल्विनने मशीनने गवत कापले. लिओना लहान स्टुलावर बसून मऊ ब्रशने आणि नुसत्या पाण्याने शिळा धूत होती. साबण लावला की तो दगडाला खातो, हे तिने दोन पिढ्यांना शिकवले होते. अडेलाच्या शिळेपाशी आल्यावर ती थांबली. शिळेच्या उजव्या हाताला कुंपणाच्या सीडर लाकडाच्या जुन्या खांबांचा ढीग होता. डाव्या हाताला एक जागा मोकळी, आणि तिच्यापलीकडे आईबाप.

“हे खांब अजून इथंच आहेत,” ती म्हणाली. “उद्या चाळीस माणसं येतील. सहा वर्षं सांगतेय.”

“उचलतो.”

“कधी?”

“सवड झाली की.”

“घरजावयाला सवड नाही म्हणजे कमाल आहे.”

“घरजावयालाच नसते, मास्तरीणबाई. मुलगा असतो तर केव्हाच खुर्चीत बसलो असतो.”

“ते मशीन बंद कर. मला बोलायचंय.”

“बंद करून दहा मिनिटं झाली. तुझे कान वाजतायत.”

तिने ॲप्रनच्या खिशातून पत्र काढले. अल्विन आईशी जर्मन बोलत मोठा झाला होता, पण त्याला ती वाचता येत नसे. लिओनाने सगळे पत्र सावकाश, वर्गात धडा वाचावा तसे वाचून दाखवले. ऐकताना तो मूळपुरुषाच्या शिळेकडे पाहत होता.

“म्हणजे म्हातारासुद्धा गोठ्याच्या दारानंच आत आला होता,” तो अखेर म्हणाला.

“तसंच म्हण.”

“आणि याच्या जिवावर तू मला चौपन्न वर्षं पाहुण्यासारखं वागवलंस.”

“पाहुण्याला मी कधी शेण काढायला लावलेलं नाही.”

तो हसला. मग हसता हसता जपून शिळेच्या कडेला टेकला. “उद्या वाचणार आहेस हे?”

“दोन दिवस तोच विचार करतेय.”

“नको वाचूस, लिओना.” तो तिला नावाने क्वचितच हाक मारी. “लोकांना आपला म्हातारा आवडतो. नॉर्बर्टनं नातवाला त्याचं नाव ठेवलंय. आणि माझ्यासाठी वाचणार असशील तर मुळीच नको. मला जागा आहे.”

“बारा मैलांवर.”

“मेल्यावर बारा मैल काय नि बारा हात काय.”

लिओना खांबांकडे पाहत होती. ढीग रचलेला होता, टाकलेला नव्हता. सहा फुटांच्या वर लांब, तीन फूट रुंद, कडा सरळ. खालचे खांब पावसाने राखाडी झालेले होते. वरचे दोन अजून लालसर होते, म्हणजे याच वसंतात आणून ठेवलेले. इस्पितळातून आल्यानंतर. वजन उचलायचे नाही असे डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितले होते.

“हे खांब इथं का ठेवलेस, अल्विन?”

त्याने टोपी काढून आतली पट्टी पुसली. “नॉर्बर्ट दरवर्षी मोजायची टेप घेऊन फिरतो. म्हटलं, अडेलाच्या शेजारी उगाच कोणी यायला नको.”

“पण तुला तर हक्क नव्हता.”

“मी कुठं हक्क सांगितला? खांब ठेवले.”

लिओनाने ब्रश बादलीत बुडवला आणि आधीच धुतलेली अडेलाची शिळा पुन्हा धुवायला घेतली.

रविवारी अक्रोडाखाली टेबले लागली. बटाट्याचे सॅलड, सॉसेजे, दालचिनीचा केक, आणि बादल्यांतून पिओनीची फुले. जेवणे झाल्यावर दरवर्षीप्रमाणे लिओना वंशावळीचा वर्षभराचा वृत्तांत वाचायला उभी राहिली आणि तिने पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

“म्हणजे आपण ब्रॉकहोफ नाहीच?” नॉर्बर्टने विचारले. तो चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत उभा राही आणि बोलतानाही तिथूनच बोले.

“आहोत. आना मार्गारेटामुळे आहोत. गेली सव्वाशे वर्षं आपण तिला ‘त्याची पत्नी’ म्हणून झोपवलंय, एवढंच. तिच्या शिळेवर तिचं पूर्ण नाव कोरून घ्यावं, ही माझी पहिली सूचना.”

“आणि दुसरी?”

“दुसरी तुला कळली आहे, नॉर्बर्ट.” तिने चष्मा काढला. “सहा वर्षांपूर्वी मी इथं एक नियम वाचला. प्रामाणिकपणे वाचला. पण इथं पहिला पुरलेला माणूस त्या नियमात बसत नाही. त्याला इथं ठेवायचं असेल, तर शेतावर येऊन नांदलेल्या जावयाला आपण नाही म्हणू शकत नाही.”

“मग माझ्या ग्रेगरीचं काय?”

“त्यालाही हेच. तुझ्या शेतावर राहायला येऊ दे, मी स्वतः त्याचं नाव टेकाडाच्या नकाशात घालते.”

“तो कोंबडी अंगावर आली तर गाडीत जाऊन बसतो,” नॉर्बर्टची बायको म्हणाली, आणि टेबले हसली. ग्रेगरी स्वतःही हसला. नॉर्बर्ट तेवढा हसला नाही. तो टेकाडाकडे, कापलेल्या गवताकडे पाहत होता.

“हे गवत,” तो नेहमीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाला, “माझ्या आठवणीत अल्विनशिवाय दुसऱ्या कोणी कापलेलं नाही.” आणि त्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

हात मोजायची वेळ आली नाही. अल्विन टेबलाच्या टोकाशी बसून केकच्या तुकड्याचे आणखी तुकडे करत होता. कोणीतरी त्याला मिस्टर ब्रॉकहोफ अशी हाक मारली.

“तेवढं नको,” तो म्हणाला. “शिळेवर टोबेनच घाला. नाहीतर अडेलाला वाटायचं, दुसराच कोणी आला.” मग तो उठून कॉफीच्या किटलीकडे गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

मंगळवारी लिओना नकाशाची गुंडाळी घेऊन टेकाडावर गेली. घरी तिने वंशावळीतले ‘माहेर अज्ञात’ खोडरबराने पुसून तिथे शाईने नाव घातले होते. आता अल्विनची जागा फुटपट्टीने आखायची होती. अडेलाच्या उजव्या हाताला गवत मरून पिवळा पडलेला चौकोन उघडा पडला होता, आणि त्यावर नवे बी टाकलेले दिसत होते. खांब उचलले होते.

ते अडेलाच्या डाव्या हाताला होते. सहा फुटांच्या वर लांब, तीन फूट रुंद, कडा सरळ, लालसर दोन वर.

नकाशात एकेचाळीस मेलेल्यांच्या आणि कितीतरी जिवंतांच्या जागा लिओनाने आपल्या हाताने आखल्या होत्या. तिच्या स्वतःच्या नावाची चौकट त्यात नव्हती. नोंदी ठेवणाऱ्याने आपली नोंद शेवटी करावी, असे ती मानत आली होती, आणि मग ते राहून गेले होते. ती अडेला आणि आईबाप यांच्या मधल्या त्या ढिगाशी उभी राहिली. वरचा एक खांब थोडा तिरपा होता. तिने वाकून तो सरळ केला.

खाली स्वयंपाकघरात अल्विन कॉफीची वाट पाहत बसला होता. पावाची सुरी तिच्या जागी होती.

“ते खांब,” लिओना म्हणाली.

“उचलतो. सवड झाली की.”

“घाई नाही,” ती म्हणाली, आणि त्याच्या कपात कॉफी ओतली.