नारिंगीखालचा निरोप

दौलत कारखान्याच्या दारात उभा राहिला आणि मागांच्या खडखडाटाने त्याला क्षणभर काही सुचेना. त्याची बायको कमळ पार आतल्या कोपऱ्यात, सुताच्या कांड्या भरायच्या मशीनपाशी होती. मशीन बंद करून तुटलेला धागा लावत होती. समोरून तिची मैत्रीण मैना तिच्याशी बोलत होती, म्हणजे नुसते ओठ हलवत होती. लूमवर कोण कोणाचं ऐकणार? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात.

परदेशातून घरी येऊन त्याला आठवडा झाला होता. काल्हेरच्या घरात आई सतत समोर, त्यामुळे विचारायचं ते राहूनच जात होतं. आज तो मुद्दाम भिवंडीपर्यंत आला होता. शिफ्ट सुटली की वाटेतच गाठायचं आणि एकदाचं विचारायचं, का आली नाहीस?

दौलत आधी बोटीवर खलाशी होता. बोटीचा ग्रीक कप्तान निवृत्त झाला तेव्हा बागेला आणि घरकामाला याला सोबत घेऊन गेला. अथेन्स शहराबाहेर, समुद्राकाठी, पांढऱ्या घरांची वस्ती. दुपारची जेवणं झाली की खिडक्यांच्या झडपा लागायच्या आणि सगळी आळी झोपायची. बादली जरा जोरात आपटली तरी शेजारची म्हातारी डोळे वटारायची. मराठीत बोलायला चिटपाखरू नव्हतं. इतकी शांतता की माणसाला वेड लागावं! मग तो नारिंगीच्या झाडाखाली बसायचा आणि कप्तानाने दिलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये कमळशी हळू आवाजात बोलायचा. लिहितावाचता दोघांनाही येत नव्हतं. मुंबईला निघालेला एखादा खलाशी कॅसेट घरी पोचवायचा. तसलंच एक यंत्र त्याने घरीही पाठवलं होतं.

मग एकदा कप्तानाच्या बायकोने, मडमेने, अंगणामागची खोली रंगवून घेतली आणि म्हणाली, बायकोला आण, मलाही घरात बाईमाणूस हवंय. त्या दुपारी त्याने टेपमध्ये विचारलं, "येशील का? न्हाय म्हनालीस तरी चालंल, पन सांग." खलाशी निरोप घेऊन आला, घरी सगळं बरं आहे. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, सगळं बरं आहे. मडमेने वाट तरी किती बघावी? तिने बेटावरून एक जोडपं आणलं, त्यांना खोली दिली आणि दौलतला नारळ दिला. कमळने आपल्याला नाकारलं, हे त्याने मनाशी धरलं होतं, आणि ते त्याला आतून खात होतं.

एवढ्यात वीज गेली.

सगळे माग एकदम थांबले. बायकांचे आवाज आपोआप खाली आले. पण धाग्यात डोकं घातलेल्या कमळचा आवाज होता तसाच वर राहिला.

"सा वर्सां झाली!" ती ओरडून सांगत होती. "येकदा तरी बोलावलं का मना तिथं? आनि आता आलाय तर तोंड फिरवून बसतोय!"

सगळा कारखाना ऐकत होता. मैनाने पुढे होऊन तिचा दंड धरला. कमळने वर पाहिलं, आधी थांबलेल्या मागांकडे, मग दाराकडे. दौलतला बघून ती पांढरीफटक पडली.

"तुमाला ठाव न्हाय?" मैना त्याच्याजवळ येऊन म्हणाली. "तापात कान गेलं तिचं. लई वर्सां झाली. तुमी टाकाल म्हनून कुनाला बोलू देत न्हवती."

दौलत कमळला घेऊन तडक घरी आला. आई, बायजाबाई, चुलीपुढे बसली होती.

"आये, टेप कोन ऐकायचं?"

"मीच. दार लावून. ही बाजूला बसायची."

"मंग हिला काय सांगायचीस?"

"बरा हाय, सांभालून र्‍हा म्हनतो."

"आनि बोलावलं ते?"

बायजाबाईने लाकूड आत सारलं. "ती गेली आसती तर मना पानी कोन देनार व्हतं, दौलत? तू? तिकडून?"

दौलतचा हात उठला होता. तो त्याने स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला. म्हातारी खोटं बोलली होती, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. याची चीड त्याला जास्त आली.

कमळ दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तो तिच्यासमोर उजेडात बसला आणि ओठ नीट हलवत सगळं सांगितलं. मडम, खोली, दोनदा पाठवलेला निरोप. सांगताना त्याला रडू फुटलं. कमळ सगळं ओठांवरून टिपून घेत राहिली. मग तिचा चेहरा लग्नातल्यासारखा उजळला.

"मी येतं की!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की ओटीवरची कोंबडी दचकली. "कवा निघायचं?"

दौलतने भिंतीकडे तोंड केलं. "ती खोली गेली," तो म्हणाला. "कामबी गेलं."

कमळ उठली. त्याची हनुवटी धरून तिने त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"आता बोला."

तो पुन्हा बोलला.

तिने हात काढून घेतला. चुलीवरचा भात उतरवला, सासूचं ताट वाढलं, त्यावर कालवण घातलं, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला. मग नवऱ्याचं वाढलं. बायजाबाई ताटाला हात न लावता पुटपुटत राहिली, "कमळ, आगो कमळ, चुकलं माजं."

कमळने आपलं ताट घेतलं आणि दोघांकडे पाठ करून जेवायला बसली.