सोनीबाईचा शर्ट

दुसऱ्या दिवशी सोनीबाई लाल लुगडं नेसून आली आणि शूटिंग थांबलं.

यावलजवळच्या एका केळीबागेत शॉर्टफिल्म चालली होती. गोष्ट केळीचे घड वाहणाऱ्या बायकांची. दिग्दर्शक जितेंद्र जळगावचा. त्याला शिकलेल्या नट्या नको होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून रोज याच बागेत कामाला येणाऱ्या बायका त्याने घेतल्या. कपडे आणि कंटिन्युइटी, दोन्ही शीतलकडे. ती धुळ्याची. पहिल्या दिवशी तिने बायकांना गोळा करून कंटिन्युइटी समजावली होती. सिनेमातलं एक मिनिट आपण दोन-तीन दिवस काढतो, म्हणून आज जसं दिसाल तसंच उद्या दिसायचं. बाही दुमडलेली असेल तर तेवढीच दुमडायची. केसातली पीन इकडची तिकडे करायची नाही.

बायका कामावर येतात तेव्हा साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. केळीच्या चिकापासून साडी वाचते. सोनीबाईनेही तसाच शर्ट आणला होता. काल तो घालून, डोक्यावर घड घेऊन ती झाडांच्या ओळीत शिरली होती. आज ओळीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर येऊन तिला बांधावर घड उतरवायचा होता. सिनेमात मधे अर्धं मिनिटही जाणार नव्हतं.

आणि ती होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराला नेसायचं लुगडं नेसून आली होती. गळ्यात चांदी. केसांना तेल.

शीतलने पिशवीतून शर्ट काढला. काल संध्याकाळी शर्ट तिच्याकडेच जमा झाले होते. "अक्का, हा घाला आधी. लुगडं पण कालचंच लागेल. गळ्यातलं माझ्याकडे द्या, मी सांभाळते."

"मी नही घालाव," सोनीबाई म्हणाली.

"बरं वाटत नाही का?"

"चांगली शे मी."

शीतलचं आजोळ सोनगीरचं. सोनीबाईची अहिराणी तिला येत होती. नकारही लगेच कळला.

जितेंद्र कॅमेऱ्यापासून चालत आला. "मावशी, काल घातला होतात ना? मग आज काय झालं?"

"कालदिन मी टीव्ही दखी," सोनीबाई म्हणाली.

टीव्ही म्हणजे मॉनिटर. काल काम आटोपल्यावर जितेंद्रने हौसेने सगळ्या बायकांना त्यासमोर बसवलं होतं. पडद्यावर शर्टाची बाही आली. बाहीवरचे काळे डाग आले. काखेतली फाटलेली शिवण आली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग पाय, मग पुन्हा डाग. भागाबाई सोनीबाईची शेजारीण, ती हसत ओरडली होती, "सोनी, तुनी बाही वळखू उनी, तू काय उनी नही!" सगळ्या हसल्या. सोनीबाईही हसली होती. मग ती उठून पाड्यावर गेली.

"बठ्ठं दखाडं तुमी," ती आता म्हणाली. "मन्हं तोंड कोठे शे?"

"सगळंच दाखवणार. तोंड पुढच्या सीनला आहे," जितेंद्र म्हणाला. "मावशी, या सीनमध्ये लोकांना तुमचे कष्ट दिसले पाहिजेत."

"कष्ट शर्ट करस का मी करस?"

बायका फिसकन हसल्या. कॅमेरा लावून बसलेला योगराजही हसला आणि जितेंद्रने पाहताच त्याने लेन्स पुसायला घेतली.

सोनीबाईने शीतलच्या हातातल्या शर्टाची बाही धरली. "आणि हाऊ डाग मन्हा नही. मी धोईसन आणा व्हता. डाग तू पाडा."

हे खरं होतं. शर्ट आला तेव्हा धुतलेला, घडी घातलेला होता. जुने डाग होते, पण फिकट. कॅमेऱ्यात ते उठेनात, तेव्हा शीतलने चहाचं दाट पाणी आणि बुटाचं काळं पॉलिश घेऊन, जुन्या टूथब्रशने ते वाढवले होते. कॉलर पॉलिशपेपरने घासली होती. काखेतली शिवणही तिनेच उसवली होती. जितेंद्रने तिची पाठ थोपटली होती आणि ती थाप तिला आवडली होती.

"कामात चीक लागतोच की, अक्का," ती म्हणाली.

"लागस ना. मंग मी धोस. रोज धोस. ते कोठे शे तुना टीव्हीमां?"

शीतलने जितेंद्रकडे पाहिलं.

"वेळ जातोय," तो म्हणाला. "उजेड असाच अकरापर्यंत मिळेल. असं करू. तोंड तर दिसतच नाहीये. दुसऱ्या कोणाला तरी तो शर्ट घाल."

शीतल शर्ट घेऊन भागाबाईकडे वळली.

"मन्हा आंगले नही बसाव," भागाबाई म्हणाली. ती काडीसारखी होती. त्या शर्टात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

लताबाई केळीच्या सावलीत पाणी पीत होती. तिने तांब्या खाली ठेवला. "माले नको बाई. दुसरीना नवराना शर्ट घालीसन घर गवू ते मन्हा नवरा काय म्हनी?"

"म्हनी, हाई कोनी बायको घर उनी?" भागाबाई म्हणाली, आणि आता बायका मोकळ्या हसल्या. हसता हसताच त्या सोनीबाईच्या बाजूला सरकल्या. कोणी कोणाला सांगितलं नाही. सोनीबाई मधे उभी होती, बाकीच्या तिच्या आजूबाजूला, आणि शर्ट घालायला कोणी उरलं नव्हतं.

जितेंद्रचा आवाज चढला. "शीतल, तूच घाल. उंची जुळते. पाठमोरी चालायचंय फक्त."

तेवढ्यापुरतं त्याचं म्हणणं बरोबर होतं. उंची जुळत होती. शीतल चालली असती तर फरक कोणालाच कळला नसता, आणि तो कळू न देणं हेच तर तिचं काम होतं. बाही किती दुमडायची, कोणतं बटण उघडं ठेवायचं, डोकं कुठल्या बाजूला कलतं ठेवायचं, सगळं तिला तोंडपाठ होतं.

तिने शर्टाची बटणं लावली. बाह्या आत वळवून घडी घातली आणि शर्ट सोनीबाईच्या हातात दिला.

"हे काय?" जितेंद्र म्हणाला.

"त्यांचा आहे. त्यांना दिला."

"आणि कालचं फुटेज?"

"परत काढू."

"कंटिन्युइटी तुझी जबाबदारी आहे शीतल, माझी नाही!"

"म्हणून तर सांगते आहे," ती म्हणाली. "काल कपडे चुकले. ते मी चुकवले. आता आज त्या चुकीला जुळवायचं, उद्या आजच्याला जुळवायचं, असं मी करणार नाही. कालपासूनचं परत काढा. नाहीतर कपड्यांना दुसरं कोणी बघा."

जितेंद्रने योगराजकडे पाहिलं. योगराज म्हणाला, "सर, उजेड आहे तोवर एक तरी घेऊ." त्याने कॅमेरा उचलला आणि कोणी न सांगता बांधावरून ओळीच्या समोर आणून लावला. येणाऱ्या माणसाचं तोंड दिसेल असा.

सोनीबाईने शर्ट भागाबाईकडे दिला. पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली. लताबाईने घड उचलून दिला. दांड्याच्या ताज्या कापातून चीक गळत होता. पाण्यासारखा, आत्ता दिसणार नव्हता.

"अक्का, लुगड्यावर पडला तर उद्या काळा होईल," शीतल म्हणाली. "कशानेच जाणार नाही."

"पडू दे. तो डाग मन्हा ऱ्हाई."

ती ओळीत शिरली आणि वळून परत आली. दोन्ही बाजूंनी पानं चेहऱ्याला लागत होती, ती तिने हाताने बाजूला केली. कॅमेऱ्याकडे तिने पाहिलं, जे करायचं नाही असं जितेंद्रने दहादा सांगितलं होतं. त्याने शॉट थांबवला नाही. बांधावर येऊन तिने घड अलगद उतरवला, पदराने मान पुसली आणि विचारलं, "उनं का तोंड?"

"उनं," योगराज म्हणाला.

त्यानंतर भागाबाई पुढे आली. "आते आमले बी बदलना शे."

"काय बदलायचंय?" जितेंद्रने विचारलं.

"कपडा. ती एकलीच भोंगऱ्यानी, आन् आमी काय बुजगावना?"

"नाही. अजिबात नाही. पाड्यावर जाऊन यायला वेळ लागेल. उजेड जाईल."

शीतलने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या क्रूझरकडे हाक मारली. "रुपचंदभाऊ, गाडी काढा. सगळ्यांना पाड्यावर न्या आणि घेऊन या."

रुपचंदने जितेंद्रकडे पाहिलं. जितेंद्र खुर्चीत बसला होता. रुपचंदने गाडी सुरू केली.

बायका चढल्या. भागाबाई पुढच्या सीटवर बसली, मांडीवर सोनीबाईचा शर्ट. गाडी वळताना तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून जितेंद्रला हाक मारली.

"भाऊ, तुमी बी बदली ल्या. कालनाच शर्ट घालेल शे!"