पावणेदोन सेंटिमीटर

माणसाच्या फुप्फुसात शिरलेलं अवजाराचं टोक नेमकं कुठे आहे, हे आता मिलिमीटरच्या मापात सांगता येतं, आणि विज्ञानापुढे हात जोडायला एवढं पुरेसं आहे. अलिबागेतल्या एका रुग्णालयात मंगळवारी सकाळी मात्र ते टोक पावणेदोन सेंटिमीटर भलतीकडे दिसत होतं.

टेबलावर मुरुडचा हरेश्वर तांडेल होता. फुप्फुसात वाटाण्याएवढी गाठ. कसली, ते तुकडा काढल्याशिवाय कळणार नव्हतं. आज जमलं नाही तर मुंबईची तारीख, म्हणजे आणखी महिनाभर त्या आजाराचं नाव न घेता घरातल्यांनी जेवायचं.

यंत्राची रीत सोपी. गादीखालच्या फळीतून चुंबकीय क्षेत्र निघतं, टोकातली बारीक तार ते ओळखते आणि पडद्यावरच्या स्कॅनवर हिरवा ठिपका उमटतो. आधी छातीवरच्या खुणेला टोक लावून खात्री करतात. डॉ. सलिलनी लावलं. ठिपका हरेश्वरच्या बाहेर, हवेत उमटला.

"जवळ लोखंड असणार," यंत्राच्या कंपनीचा कुशल फोनवर म्हणाला. तो पुण्यात होता, त्यामुळे त्याला खात्री होती.

तंत्रज्ञ प्राप्तीने स्टूल हलवलं, ट्रॉली हलवली. डॉक्टरांनी चष्मासुद्धा काढला. ठिपका होता तिथेच राहिला, फक्त त्यांना दिसेना.

"दादा, अंगावर काही धातू?"

"करगोटा काढला. दात माजंच हायत."

"पाठीला काही टोचतंय?"

"टोचतंय ना, सकालपासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"मना वाटला तुमच्या मशीनचा हाय."

या रुग्णालयात पेशंटला वॉर्डातल्या गादीसकट टेबलावर सरकवतात. प्राप्तीने गादीची कड उचलली. खाली, खोळीत खोचलेला हातभर लांबीचा कोयता.

हरेश्वरच्या बायकोला, जनीला, दाराशी बोलावलं.

"मावशी, धातू नको म्हटलं होतं ना?"

"अंगावर नको म्हनला होतात. आजाऱ्याखाली लोखंड लागतंच. नायतर नको ते जवल येतं."

"अहो, त्याने आमचं यंत्र चुकतंय."

"मंजे लागू पडतंय," जनी शांतपणे म्हणाली.

शेवटी प्राप्ती कोयता घेऊन एकेक पाऊल मागे सरकली आणि डॉक्टर ठिपका पाहत राहिले. तिसऱ्या पावलाला तो खुणेवर आला. जनीला उंबऱ्यापर्यंतची सूट मिळाली. ती कोयता मांडीवर घेऊन दारातच बसली. त्यानंतर तासभर त्या खोलीत विचारल्याशिवाय कुणी आलं नाही.

भूल दिली, नळी घातली, ठिपका श्वासनलिकेच्या फांद्यांतून वळणं घेत गाठीवर जाऊन थांबला. पहिल्याच चिमट्यात तुकडा आला. डॉक्टरांनी श्रेय हाताला दिलं, कुशलने फोनवरून यंत्राला, आणि जनीने कुणालाच न विचारता कोयत्याला.

शुक्रवारी रिपोर्ट आला. कर्करोग नव्हता. भिंग माशाचा काटा होता, जेवताना श्वासात गेलेला, भोवती सूज आलेली.