हिरवं तेल

"उठतेय, उठतेय! बघ अगं!" बाबा ओरडले. गाडीचा मागचा भाग चार बोटं वर आला आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "पहिला मजला." जन्मभर त्यांनी लिफ्टच चालवली होती.

आमच्या या जुन्या गाडीला स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकाशी वायू भरलेला लोखंडी गोळा आणि त्याच्यावर दाब देणारं तेल. धडधाकट होती तेव्हा ती खड्ड्यातून अशी जायची, की खड्ड्यानंच अंग चोरलंय असं वाटावं. मणका मोडल्यापासून आईला दुसरं कुठलंच वाहन सोसत नव्हतं. एकदा अ‍ॅम्ब्युलन्सनं नेलं, तर ती दवाखान्यात गेली होती त्याहून जास्त आजारी होऊन परतली. आणि आता तिची एकुलती बहीण, माझी मावशी, पलीकडच्या गावात शेवटच्या दुखण्यानं आज-उद्यावर आली होती.

नव्या गोळ्यांच्या किमतीत दुसरी गाडी आली असती. बाबांनी भंगारातल्या एका चेपलेल्या गाडीचे गोळे आणले. मिस्त्रीनं बसवून दिले आणि बजावलं, "काका, तेल तेवढं या गाडीचं हिरवंच भरा." घरात ब्रेक ऑइलचा अर्धा डबा पडून होता.

"तेलाचा रंग कसला बघायचा? लग्न जमवायचंय का?" म्हणत बाबांनी तेच ओतलं होतं. म्हणून तर गाडी उठली होती.

सकाळी आईला उशांसकट मागच्या सीटवर बसवलं. गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. तिथे तिनं मागून एक उसासा सोडला आणि हळूहळू खाली बसायला लागली.

मिस्त्री मोटारसायकलवर आला. तेलाच्या टाकीत बोट बुडवून त्यानं वास घेतला.

"ब्रेकचं घातलंत? आतली सगळी रबरं फुगली. तेलाचा पंप गेला, नळ्या गेल्या."

"आणि गोळे?"

"गोळे उत्तम आहेत."

"स्वस्तात काही होईल का रे?"

"स्वस्तातच झालंय हे, काका."

तेवढ्यात मावसभावाचा फोन आला. सकाळपासून तो 'लवकर या' म्हणत होता. आता म्हणाला, "घाई करू नका. सावकाश या."

मी आईला तेच शब्द सांगितले.

"सावकाशच चाललोय म्हणावं," ती म्हणाली.

बाबा मागे गेले, वाकले आणि त्यांनी दोन्ही हात बंपरखाली घातले. गाडी खाली येतच होती.

"अहो, सोडा," आई आतून म्हणाली. "हात अडकतील."

त्यांनी हात काढले नाहीत.