मुंगसाच्या केसांचे ब्रश

मधुमतीचे वडील मिरजेला ड्रॉइंग मास्तर होते. ते गेल्यावर त्यांचे ब्रश तिने आणि तिच्या धाकट्या भावाने, श्रीपादने, वाटून घेतले. नवऱ्याची, राजनची, विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली तेव्हा तिने आपले ब्रश कापडात गुंडाळून बरोबर आणले. वैशाली नगरच्या फ्लॅटमध्ये दुपारी ती त्यांनीच चित्रं रंगवायची. केस मुंगसाचे होते. पाणी छान धरायचे आणि टोक कधी फाकायचं नाही.

मोठे ब्रश तिला फारसे लागत नसत. तिने त्यांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: मुंगसाच्या केसांचे अस्सल ब्रश, कुणी शिकत असेल तर घेऊन जावेत.

थोड्याच वेळात बेल वाजली. वरच्या मजल्यावरची अनुश्री होती. मराठी घरातली, पण जयपुरातच वाढलेली, कोर्टात वकिली करणारी.

"काकू, आधी ग्रुपवरचा तो फोटो काढून टाका."

"का गं? फुकट देतेय मी."

"फुकट पण चालत नाही. मतलब, घरात ठेवले तरी गुन्हा आहे. मुंगूस वन्यजीव कायद्यात येतं."

मधुमतीला हसू आलं. "मेंढीची लोकर कापतात तसे केस कापत असतील, त्यात काय?"

"नाही काकू. त्याला मारतात. आणि एका मुंगसाचे कामाचे केस थोडेसेच निघतात."

मधुमतीने फोटो काढून टाकला. त्या दुपारी तिने चित्राला हात लावला नाही.

संध्याकाळी राजन म्हणाला, "कचऱ्यात टाक नि विषय संपव."

"बाबांचे ब्रश कचऱ्यात टाकू?"

"मग राहू देत कपाटात. कोण बघायला येतंय?"

ते कपाटात गेले, पण तिच्या डोक्यातून जाईनात. एवढे ब्रश म्हणजे किती मुंगसं, हा हिशेब नको म्हटलं तरी मनात यायचा. शेवटी एके सकाळी ती अनुश्रीच्या स्कूटरवर मागे बसून वनखात्याच्या ऑफिसात गेली. वाटेत दोनदा तिला परत फिरावंसं वाटलं.

तिथल्या अधिकाऱ्याने कापड उलगडलं. "कहाँ से लिए?"

तिने खरं ते सांगितलं. त्याने एकेक ब्रश निरखला, कागद तयार केला, तिची सही घेतली.

"केस होगा मुझ पर?"

"नहीं, आप खुद लाई हैं," तो म्हणाला. मग ब्रश पुन्हा कापडात गुंडाळत म्हणाला, "मेरी बेटी के कलर बॉक्स में भी यही निकला था. मुझे ही पता नहीं चला."

घरी आल्यावर तिने सांगलीला श्रीपादला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुझ्याकडचे पण देऊन टाक रे."

"ताई, आता एवढीच तर बाबांची आठवण राहिलीय."

"त्यांची रंगाची ताटली आहे ना तुझ्याकडे? ती ठेव. हे त्यांना कळलं असतं तर त्यांनीच नेऊन दिले असते."

श्रीपादने विचारलं, "सांगलीत वनखात्याचं ऑफिस कुठेशी आलं गं?"