खिशातलं बदक

सकाळी निघताना लेकीनं आईच्या गळ्याला जी मिठी मारली, ती सोडायला तयार नव्हती. अखेर नवऱ्यानं तिला अलगद सोडवून कडेवर घेतलं. "तू जा गं. आम्ही दोघं इथेच चौकीच्या ओसरीवर बसतो. बाराच्या आत ये मात्र."

बाराच्या आत यावंच लागणार होतं. जंगलात माणसं फिरवायच्या परवान्याची परीक्षा होती. तीन लाल निशाणं शोधायची आणि बाराच्या ठोक्याला चौकीवर हजर. बाळंतपणापायी मागची परीक्षा हुकली होती. ही हुकली की पुन्हा वर्षभर थांबा.

परीक्षक मास्तर तिच्या मागून चालत होते. दिशेबद्दल अवाक्षर काढायचं नाही, एवढाच नियम. बाकी तोंडाला कुलूप नव्हतं.

"झोप नीट झालीय ना?"

"झाली होती. दीड वर्षापूर्वी."

पहिली दोन निशाणं उघड्या माळावर होती, नजरेनंच सापडली. तिसरं तिथून सरळ उत्तरेला, ओढ्याकाठी. मध्ये गच्च झाडी. तिनं शिकवल्याप्रमाणे होकायंत्र छातीशी धरलं आणि काटा दाखवील तशी चालू लागली. वीस मिनिटं झाली, ओढ्याचा पत्ता नाही. वर फांद्यांतून ऊन थेट डोळ्यांत.

ती थबकली. सकाळी अकराला उत्तरेकडे चालणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन? ते तर मागून, उजव्या खांद्यावर हवं.

"मास्तर, शेवाळ म्हणे झाडाच्या उत्तर अंगाला असतं."

"म्हणतात खरं."

समोरच्या झाडानं शेवाळ चहूबाजूंनी गुंडाळून घेतलं होतं, थंडीतल्या पोरासारखं.

घड्याळ पळत होतं. तरी तिनं मोकळी जागा बघून काठी रोवली, सावलीच्या टोकाशी खडा ठेवला आणि बसून राहिली. जेमतेम तास हातात असताना पाव तास नुसतं बसायचं, म्हणजे जिवावरच. पण चुकीच्या वाटेनं भराभर चालून कोण पोचलंय?

पाव तासानं टोक सरकलं होतं. तिथे दुसरा खडा. पहिल्यापासून दुसऱ्याकडे रेघ ओढली: पश्चिमेकडून पूर्वेला. बाजूला जमिनीवर ठेवलेलं होकायंत्र बघितलं, तर तेही शहाण्यासारखं तेच सांगत होतं. तिनं ते उचलून छातीशी धरलं. काटा फिरला. खाली ठेवलं, ताळ्यावर. उचललं, बिघडला.

"मास्तर, बिघाड माझ्यातच आहे."

तिनं शर्टाचा खिसा उपसला. एक इवलासा मोजा, अर्धं चघळलेलं बिस्किट, आणि लेकीचं लाकडी बदक. टबातल्या पाण्यातून लोखंडी गळानं उचलायचं, पोटात चुंबक असलेलं. मिठी मारताना पोरीनं गुपचूप आईला सोबत दिली होती.

बदक टाकून द्यायला काही हात धजेना.

"हे तुमच्याकडे ठेवा. आणि माझ्यापासून दहा पावलं लांब चाला."

"नियमात बसतं का बघावं लागेल," मास्तर म्हणाले आणि बदक तळहातावर घेऊन दहा पावलं मागे राहिले.

ओढा पंचवीस मिनिटांत लागला, निशाणही. तिथून चौकीपर्यंत ती जवळजवळ धावलीच. बाराला चार मिनिटं होती. लेक ओसरीवरून दुडुदुडु आली आणि आईला ओलांडून सरळ मास्तरांकडे गेली.

"झालं," नवरा हसला. "ओळख विसरली."

मास्तरांनी बदक दिलं, कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, जरा थांबले आणि खाली शेऱ्यात भर घातली: निघण्यापूर्वी खिसे तपासावेत.